गेल्या नोव्हेंबरची हवा

लॉरेल फोर्कच्या घळीत कुणी भेटलं की आधी व्हर्डीच्या आगीची चौकशी करायचं, आणि मग वेळ उरलाच तर आर्व्हिलच्या फुप्फुसांची. आर्व्हिलला याचं कधी वाईट वाटलं नाही. कोळशाच्या खाणीत जन्म घालवून काळी केलेली फुप्फुसं काय, घळीत दर दुसऱ्या घरात होती. आग मात्र एकच होती.

ती काडी ओढून कुणी पेटवली नव्हती. निदान जेवढ्या पिढ्या कुणाला आठवत होत्या, तेवढ्यांत तरी नाही. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी ती बाजूला सारून फुंकर घालायची आणि वर कोळसा टाकायचा. आजीने आईला दिली, आईने व्हर्डीला. लग्नाच्या दिवशी व्हर्डी माहेरचे निखारे चरबीच्या रिकाम्या डब्यात घालून डोंगर ओलांडून आली. लग्न लागताना तिच्या एका हातात आर्व्हिलचा हात होता आणि दुसऱ्या हातात डबा.

"डबा खाली ठेव, पोरी," पाद्री म्हणाला.

"गार होईल," व्हर्डी म्हणाली.

आर्व्हिलचा हात तेव्हा बर्फासारखा गार पडला होता, पण त्याची काळजी कुणाला नव्हती.

त्या रात्री दगडी शेकोटीत निखारे मांडून झाल्यावर व्हर्डीने दोन खुर्च्या ओढल्या. नव्या घरात आगीला पहिल्या रात्री एकटं ठेवायचं नसतं, बुजते, असं ती म्हणाली. मग नवरा-बायको उजाडेपर्यंत खुर्च्यांवर बसून राहिले. तिच्या मांडीवर राखेचं फावडं, त्याच्या मांडीवर काही नाही. लुव्हीना, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर बऱ्याच उशिरा झाली ती त्यामुळेच, असं व्हर्डीची बहीण ओमा अजून चारचौघांत सांगत असे.

पुराच्या साली होडी घेऊन लोक आले तेव्हा व्हर्डी माळ्यावरून उतरली ती डबा छातीशी धरून. आर्व्हिलची विजार मागे राहिली. ओहायोत डेटनला लुव्हीनाच्या बाळंतपणाला जायचं झालं, तेव्हा आगीजवळ राहायला ओमा आली आणि जाताना आगीची तक्रार करून गेली, की रात्रभर कुरकुरते. आर्व्हिल खाणीत फायर बॉस होता. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी दिवा घेऊन एकट्याने आत जायचं आणि दिव्याची ज्योत काय सांगते ते बघायचं. ज्योत लांबली तर एक संकट, पेटणारा वायू; आखडली तर दुसरं, हवा कमी. आणि विझली तर विचार करायचा नाही, माणसं बाहेर काढायची. वर आल्यावर फळ्यावरचे पितळी बिल्ले, माणशी एक, आणि उभी डोकी जुळवायची. हा हुद्दा फक्त खाणीतला. घरातली फायर बॉस कोण, हे घळीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आणि मग व्हर्डी गेली. जानेवारीत, साधा ताप म्हणता म्हणता. शेवटी तिने आर्व्हिलला जवळ बोलावलं. तो वाकला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बाई काय बोलते म्हणून ओमाही वाकली.

"राख जास्त ओढू नकोस," व्हर्डी म्हणाली. "गुदमरते ती."

एवढंच. ओमाला जरा निराशाच वाटली. आर्व्हिलला वाटली नाही. तेव्हापासून तो रोज राख ओढायचा ती बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी, नाक उघडं ठेवून.

पण धुराड्याला तडा गेला होता. धूर वर जायचा तो अर्ध्या वाटेवरून परत यायचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून विचारलं, "घरात कोळसा जाळता?"

"मी नाही," आर्व्हिल म्हणाला, "बायको जाळते."

हे डेटनला लुव्हीनाच्या कानावर गेलं आणि ती गाडी काढून आली. एक तर धुराडं लागत नाही असा गॅसचा हीटर शेकोटीत बसवायचा, नाही तर डॅडींनी सामान बांधून ओहायोला यायचं. तिसरा पर्याय तिने ठेवलाच नव्हता. ओहायोत सपाट जमिनीवर राहावं लागतं, हे आर्व्हिलने ऐकलं होतं. तो हीटरला तयार झाला. अट एकच घातली: आग तीच राहील.

"म्हणजे काय डॅडी?"

"म्हणजे काडी लावायची नाही. ह्या आगीवरूनच पेटवायचा."

लुव्हीनाने हो म्हटलं. तिला वाटलं होतं त्याहून स्वस्तात सुटली.

हीटर घेऊन डॉर्सी आला. डॉर्सी हा व्हर्डीचा भाचा. गॅसची कामं करायचा, चर्चमध्ये सगळ्यात खालच्या सुरात गायचा आणि बोलायचा मात्र वरच्या सुरात. निखारे त्याने लोखंडी पातेल्यात काढून ओसरीवर ठेवले, आर्व्हिल कोट घालून त्यांच्याजवळ बसला, आणि डॉर्सी अर्धा शेकोटीत शिरला.

"काका, परसात गॅसची विहीर," तो धुराड्याच्या तोंडावर फळी ठोकत म्हणाला. "जागा वापरतात म्हणून कंपनी घराला गॅस फुकट देते. आणि तुम्ही जन्मभर बादल्यांनी कोळसा वाहिलात. देवाने वरून बघून कपाळाला हात लावला असेल."

"तुझ्या मावशीला विचारलं होतं मी."

"मग?"

"म्हणाली, नळातून येते ती आग नळाची."

डॉर्सीने नळ जोडला, सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघितलं, आणि खोक्यातून लाकडं काढली. ती भाजलेल्या मातीची होती. त्यांना साल होती, गाठी होत्या, एका फांदीला कुऱ्हाडीचा घावसुद्धा होता.

"ही जळत नाहीत?" आर्व्हिलने दारातून विचारलं.

"नाही."

"मग कशाला?"

"दिसायला, काका. पण जागेवरून तसूभर हलवायची नाहीत. हलली तर काजळी धरते."

"आमच्याकडे लाकडं कधी नव्हतीच. कोळसा होता."

"मातीचा कोळसा मिळत नाही," डॉर्सी म्हणाला, जणू दुकानात विचारून आला होता. मग त्याने हात पुसले आणि खिडकीकडे बोट केलं. "आता तेवढी ती खिडकी."

"खिडकीचं काय?"

"बोटभर उघडी ठेवायची. याला धुराडं नाही, म्हणजे हा खोलीतलीच हवा खातो. तुम्ही खाताय तीच. हवा कमी पडली की आतली लहान ज्योत, कायम जळते ती, उचलली जाते आणि गॅस आपोआप बंद होतो. तशी सोयच केलीय. ते प्लास्टिक काढू ना?"

"नाही," आर्व्हिल म्हणाला.

खिडक्यांना प्लास्टिक लावायचं काम व्हर्डीचं. दर नोव्हेंबरात ती चौकटीला चिकटपट्टीने पातळ प्लास्टिक लावायची आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा देऊन ते ढोलकीसारखं ताणायची. त्या यंत्राने तिने केस कधी वाळवले नाहीत. एप्रिलमध्ये प्लास्टिक निघायचं. या एप्रिलमध्ये निघालं नाही. मेमध्ये नाही, ऑगस्टमध्येही नाही. ऑगस्टमध्ये आर्व्हिल बंद खोलीत, पेटत्या शेकोटीसमोर, बनियनवर बसून राहिला. भेटायला आलेले लोक ओसरीवरूनच बोलून गेले. प्रत्येकाने ते दुःखाच्या खात्यात टाकलं, आणि ते बरोबरच होतं, पण नेमकं कारण कुणाला माहीत नव्हतं.

कारण असं, की प्लास्टिक आणि काच यांच्यामध्ये चार बोटं जागा होती. त्या जागेत हवा होती. ती हवा व्हर्डीने प्लास्टिक ताणलं त्या दिवशी आत अडकली होती, त्या दिवशी ती खोलीत वावरत होती, श्वास घेत होती, चिकटपट्टी दातांनी तोडत होती आणि आर्व्हिलला म्हणत होती, "नुसता बघत काय बसलायस, कोपरा धर." ती हवा अजून तिथेच होती. आणखी कुठे नव्हती. आर्व्हिल फायर बॉस होता. हवा ही गोष्ट त्याला कळत होती.

हे डॉर्सीला कसं सांगणार? लुव्हीनाला तर नाहीच. तिने त्याच दिवशी ओहायोत खोली झाडून घेतली असती.

"काढायचं नाही," तो पुन्हा म्हणाला. "लावलंय तिने."

लुव्हीनाने डॉर्सीकडे बघितलं. डॉर्सीने खांदे उडवले. "दार उघडझाप होईल तेवढं चालेल," तो म्हणाला. "एकटा माणूस खाऊन खाऊन किती हवा खाणार?"

मग पेटवायची वेळ आली. आर्व्हिलने ओसरीवरच्या निखाऱ्यावर लाकडाची लांब ढलपी धरली, ती पेटली तशी हाताचा आडोसा करून आत आणली. डॉर्सीने कळ दाबून धरली. लहान ज्योत निळी उभी राहिली. डॉर्सीने कळ फिरवली आणि मातीच्या लाकडांमधून पिवळ्या ज्वाळा वर आल्या, शिस्तीत, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या.

"तीच?" आर्व्हिलने विचारलं.

"तीच, काका. नळ जोडलाय फक्त."

पातेल्यातले निखारे दुपारपर्यंत राख झाले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. आग घरात होती.

आग नव्या जागी गेली म्हणून ओमाने माणसं जेवायला बोलावली होती. जानेवारीत मयताला आली होती तीच माणसं, त्याच भांड्यांतून तेच जेवण घेऊन: उकडलेला घेवडा, मक्याचा पाव, आणि वाळवलेल्या सफरचंदाचा थरांचा केक. त्या केकचा एकेक थर एकेका बाईने घरून करून आणायचा असतो. प्रत्येकीचा तवा वेगळा, त्यामुळे केक एका अंगाला कलला होता. ओमा म्हणाली, व्हर्डीचा थर नाही म्हणून. लुव्हीना म्हणाली, मावशी, तुझा थर नेहमीच एका बाजूने जाड असतो.

ताटं आर्व्हिलने स्वतः मांडली. बारा.

बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. बाकीच्या खोल्या गार, म्हणून सगळे त्या एकाच खोलीत दाटीने बसले. दाराखालून वारा येतो म्हणून कुणीतरी फटीला व्हर्डीने शिवलेली चिंध्यांची लांब वळकटी लावली. ओमाला थंडी वाजते म्हणून डॉर्सीने कळ शेवटपर्यंत फिरवली. मग तो म्हणाला, "आता दार जरा..." आणि तेवढ्यात ब्रदर हायराम उभे राहिले.

ब्रदर हायराम हे घळीतल्या चर्चचे वडीलधारे. त्यांची छाती पिंपासारखी होती आणि प्रार्थना त्या छातीला शोभेल अशी. आधी सगळ्यांनी एक भजन म्हटलं. ब्रदर एक ओळ सांगायचे आणि बाकीचे ती ओढून, लांबवून, तिच्यातला जीव जाईपर्यंत गायचे. मग ब्रदरनी डोळे मिटले आणि आगीसाठी प्रार्थना सुरू केली. त्यांनी आगीच्या निर्मात्याचे आभार मानले. व्हर्डीच्या आईचे, आजीचे मानले. पुराच्या साली आलेल्या होडीचेही मानले.

आर्व्हिलने डोळे अर्धवटच मिटले होते. जन्मात त्याने ज्योतीसमोर डोळे पूर्ण मिटले नव्हते.

"हे प्रभो, ही आग जशी आजवर राखलीस..."

लहान ज्योत उचलली गेली.

केसभरच. नळीच्या तोंडापासून सुटून ती हवेत तरंगल्यासारखी झाली आणि पुन्हा टेकली. खोलीत कुणाला कळलं नाही. आर्व्हिलला कळलं. डोकं जड झालंय, ओमा जांभई देते आहे, काचा घामेजल्या आहेत, हे सगळं त्याला एकदम दिसलं. खिडकी हाताच्या अंतरावर होती. चाकू खिशात होता. हात खिशात गेला, पातं उघडलं.

प्लास्टिक ताणलेलं होतं, ढोलकीसारखं. कोपऱ्यात चिकटपट्टीवर तिच्या दातांची नक्षी होती.

"...तशीच ती पुढेही, पिढ्यान्‌पिढ्या..."

खाणीत तो असा कधी थांबला नव्हता. एका श्वासापुरता थांबला. त्याच्या फुप्फुसांना तो घ्यायला जितका वेळ लागतो, तितकाच.

"...आमेन," ब्रदर म्हणाले, आणि शेकोटीत टक् असा बारीक आवाज झाला. पिवळ्या ज्वाळा एका रांगेत खाली बसल्या. मातीची लाकडं तशीच राहिली, कुऱ्हाडीच्या घावासकट.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. बाकीचं आर्व्हिलच्या तोंडून निघालं. त्याने काढलं नाही, आपोआप निघालं.

"बाहेर! सगळे बाहेर! सामान टाका, बाहेर!"

हा आवाज घळीतल्या म्हाताऱ्यांनी पूर्वी ऐकला होता. कुणी कारण विचारलं नाही. ब्रदर हायराम त्या वयात ओसरीच्या पायऱ्या न वापरता अंगणात पोचले. भराभर सगळे बर्फात उभे राहिले, कुणी मोज्यांवर, कुणी ताट हातात धरून. ओमाच्या हातात केक होता. तो आता दुसऱ्या अंगाला कलला होता.

आर्व्हिल सगळ्यात शेवटी बाहेर आला, खोकत. ओसरीवर उभं राहून त्याने बोटाने डोकी मोजली.

"एक कमी आहे."

"कोण?" लुव्हीना ओरडली.

डॉर्सीने मोजली. "तुम्हाला धरून अकरा. सगळे आहेत, काका."

"बारा हवीत. ताटं बारा होती. मी मांडली आहेत." त्याने पुन्हा मोजलं, एकेकाच्या तोंडाकडे बघत. "एक आत राहिलंय."

मग गोंधळ झाला. ब्रदरनी मोजली, पण स्वतःला धरायचं विसरले, म्हणून त्यांची दहाच आली. कुणी म्हणालं, कुत्रा धरला होता का? कुणी कुत्र्याला हाक मारली, तर तो दुसऱ्याच घरचा निघाला. डॉर्सी नाकावर रुमाल धरून आत जाऊन खाटेखाली बघून आला. आर्व्हिल तिसऱ्यांदा मोजत होता. बोट हवेत फिरत होतं आणि शेवटच्या डोक्याच्या पुढे जाऊन थांबत होतं.

ओमाने केक ब्रदरच्या हातात दिला. तिने आर्व्हिलबद्दल आयुष्यात एकही चांगला शब्द उच्चारला नव्हता, आणि आताही उच्चारला नाही. ती ओसरीवर गेली आणि त्याचं ते बोट मुठीत धरलं.

"बारावं ताट कुठल्या जागी मांडलंस, आर्व्हिल?"

तो सांगायला गेला. दारातून आत बघितलं.

शेकोटीजवळची उजवीकडची खुर्ची. जिथून फावडं हाताला येतं ती.

"सगळे आहेत," तो म्हणाला. "बरोबर आहे. अकरा."

मग वळून तो घरात गेला. लुव्हीना मागे धावली तसं ओमाने तिला अडवलं. "दार उघडं आहे," ती म्हणाली. "मरत नाही तो. इतक्यात नाही."

आत खोली अजून गरमच होती. आर्व्हिल खिडकीशी गेला. उघडा चाकू अजून हातातच होता. आता उपयोग नव्हता. तो अगदी जवळ गेला, प्लास्टिकला नाक लावलं, आणि वरपासून खालपर्यंत एक चीर दिली.

ताणलेलं प्लास्टिक सुस्कारा टाकल्यासारखं सैल पडलं. आर्व्हिलने श्वास घेतला, छातीत जेवढा मावेल तेवढा. वास आला प्लास्टिकचा, धुळीचा आणि एका मेलेल्या माशीचा. त्याने तो आत धरून ठेवला. डोळे मिटले, पूर्ण. अजून थोडा वेळ धरायचा होता. पण त्या छातीत हवा फार वेळ टिकत नसे. खोकला आला, आणि घेतलेलं सगळं बाहेर गेलं.

मग त्याने खिडकी उघडली. बोटभर. बर्फाचा वारा आत आला.

माणसं एकेक करत परत आली, पायाचं बर्फ झटकत. डॉर्सी शेकोटीपुढे गुडघ्यांवर बसला.

"काका, याला एक बटण आहे. ठिणगी पाडतं. काडी नाही, काही नाही. दाबू?"

आर्व्हिल ओसरीवर जाऊन पातेलं बघून आला. राखेत बोट घातलं, तळापर्यंत. परत आला तेव्हा बोट राखाडी होतं.

"दाब," तो म्हणाला.

खट्. निळी ज्योत. मग पिवळ्या ज्वाळा आल्या, तशाच, कवायतीला.

"तीच दिसते," ब्रदर हायराम दबक्या आवाजात म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

जेवण गार झालं होतं. लोकांनी ते मयताच्या घरी जेवतात तसं खाली बघत संपवलं. बारावं ताट कुणी उचललं नाही आणि कुणी त्यात वाढलंही नाही. जाताना दारात एकेकाने आर्व्हिलचा हात हातात घेतला आणि जानेवारीत म्हटलं होतं तेच पुन्हा म्हटलं. आगीची चौकशी कुणी केली नाही. एक जण फुप्फुसांबद्दल विचारून गेला.

अंधार पडायच्या आत लुव्हीनाने कोट चढवला. गाडीची किल्ली हातात घेतली.

"डॅडी, चला माझ्याबरोबर. हीटर मी तुम्हाला इथं राहता यावं म्हणून बसवला होता. आता इथं काय राहिलंय?"

आर्व्हिल उजवीकडच्या खुर्चीसमोरचं ताट उचलून ठेवत होता. त्याने ती खुर्ची शेकोटीकडे ओढली.

"आज नाही जमायचं," तो म्हणाला.

"का?"

"ही आजच जन्मली आहे." त्याने मान ज्वाळांकडे केली. "हिला अजून कुणी ओळखत नाही. पहिल्या रात्री एकटं ठेवायचं नसतं."

तो बसला, आणि भिंतीला टेकवलेलं राखेचं फावडं हाताला लागलं तसं मांडीवर घेतलं. लुव्हीनाने किल्ली खिशात टाकली आणि कोट न काढता दुसरी खुर्ची ओढली. खिडकीच्या फटीतून वारा येत होता, सैल प्लास्टिक हलत होतं.

"डॅडी, फावडं कशाला?" तिने विचारलं. "यात राख होत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"धरायला," आर्व्हिल म्हणाला.